ओटीपी वडिलांच्या खिशात

‘वर्गात मोबाईल वापरण्यास सक्त मनाई आहे.’ अशी पाटी बहुतेक कॉलेजांत असते, तशी आमच्याही कॉलेजात आहे. तिच्याच शेजारी सूचनाफलक आहे. परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरा, हॉलतिकीट डाउनलोड करून घ्या, अपार आयडी काढून कार्यालयात नोंदवा, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करा, उद्याच्या प्रात्यक्षिकाची वेळ ग्रुपवर बघा. मुलं दोन्ही वाचतात. फोन बंद करून वर्गात बसतात आणि तास सुटला की जिन्यात उभं राहून त्याच फोनवर शिक्षणाची बाकीची कामं उरकतात.

मी सोलापुरात एका पदवी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयाच्या काउंटरवर मुलं असे प्रश्न घेऊन येतात, जे ती वर्गात हात वर करून विचारणार नाहीत. ही पीडीएफ उघडत का नाही, या शब्दाचा अर्थ काय, लिंकवर गेलं की पैसे का मागतात, मॅडम जरा वायफाय मिळेल का. प्राध्यापकांना मुलं फळ्याकडे बघताना दिसतात, मला ती फोनकडे बघताना दिसतात. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. आमच्या मुलांचं शिक्षण मोबाईलवर कधीच येऊन पोचलं, पण मोबाईलसाठी म्हणून कुणी काही तयार केलं नाही. कागदासाठी आणि संगणकासाठी केलेलं सगळं तसंच्या तसं त्या बोटभर रुंदीच्या पडद्यावर लोटून दिलं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित वाटेल, फोन काय, जोडीला असतो. खरा अभ्यास लॅपटॉपवर होतो. सोलापूर जिल्ह्यात तसं नाही, आणि देशाच्या बहुतेक भागांत तसं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 साली, ग्रामीण भारतातल्या जेमतेम 4.4 टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरांत हे प्रमाण 23.4 टक्के होतं. आमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून एसटीनं येणाऱ्या मुलांना तुम्ही ‘तुझ्या कॉम्प्युटरवर बघ’ असं म्हणालात, तर ती मान हलवतात आणि नंतर फोनवरच बघतात. त्यांचा संगणक तोच, टंकलेखन यंत्र तेच, कॅमेरा तोच, झेरॉक्सचं दुकान तेच आणि ग्रंथालयही तेच.

आमचं कॉलेज ज्या विद्यापीठाला जोडलेलं आहे, ते एका जिल्ह्याचं आहे. 2004 सालापर्यंत सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेत नाव चुकलं तरी कोल्हापूरची वारी करावी लागे. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, पुणे रस्त्यावर केगावला त्याचा परिसर उभा राहिला आणि 2019 साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके, आणि घरांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. विद्यापीठ जवळ आलं, ही फार मोठी गोष्ट झाली. घरात शिकणारी पहिली पिढी असलेल्या मुली त्यामुळेच पदवीपर्यंत आल्या. त्याच मुलींच्या हातात, किंवा खरं सांगायचं तर त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी हातात, दहा-बारा वर्षांत फोन आला.

तो आला कसा, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, आकडेवारीप्रमाणे 2014 साली एक जीबी डेटाला सरासरी 269 रुपये पडत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात उतरलं आणि 2018 पर्यंत तोच दर बारा रुपयांच्याही खाली आला. मग मार्च 2020 ची टाळेबंदी आली. कॉलेजं बंद झाली, तास फोनवर सुरू झाले. परीक्षा घ्यायच्या की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 ऑगस्ट 2020 च्या निकालानं शेवटच्या वर्षाची परीक्षा घेणं ठरलं. त्या शरद ऋतूत महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी पदवीची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर टिकमार्क करत फोनवर दिली. गावाकडची मुलं रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून, शेतातल्या उंचवट्यावर बसून पेपर सोडवत होती. त्यानंतर कॉलेजं उघडली, खडू-फळा परत आला, पण कारभार फोनवर गेला तो गेलाच.

फोन कुणाचा, हा प्रश्न मात्र कुणी नीट विचारत नाही.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. हा नंबर बहुतेक मुलींच्या बाबतीत वडिलांचा किंवा भावाचा असतो, कारण आधार काढलं तेव्हा मुलगी लहान होती आणि घरात एकच फोन होता. सोलापूरच्या पूर्व भागातली बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसली होती. आधार क्रमांक टाकला, ‘ओटीपी पाठवा’ दाबलं, आणि मैत्रिणीच्या फोनवरून वडिलांना फोन लावला. वडील यंत्रमागावर कामाला. मागाजवळ उकाडा असतो, त्यामुळे शर्ट खुंटीला टांगलेला असतो आणि फोन शर्टाच्या खिशात. पन्नास माग एकदम चालू असताना शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, तिथे खुंटीवरची रिंग कुणाला ऐकू येणार? ‘मॅडम, पप्पा फोन उचलीनात,’ ती म्हणाली. ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. तिनं पुन्हा मागवला, तोही बाद झाला. दुपारच्या सुट्टीत वडिलांचा उलटा फोन आला. ती त्यांच्याशी तेलुगूत बोलली, आकडे एकेक करून लिहून घेतले, घाईघाईनं टाकले, तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं की मुदत संपली. वडील तोवर मागावर परत गेले होते. शेवटी तिनं रात्री घरी, वडील जेवायला बसल्यावर, त्यांच्याच फोनवर अर्ज भरायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती उत्पन्नाचा दाखला दाखवायला आली. तो फोनवर नीट अपलोड होत नव्हता, कारण फोटोचा आकार मर्यादेपेक्षा मोठा होता. तो आम्ही लहान करून दिला आणि अर्ज गेला.

यात कुणाचा दुष्टावा नाही. वडील कष्टाळू आहेत, मुलगी हुशार आहे, पोर्टलही कुणीतरी चांगल्या हेतूनंच बनवलं असेल. पण ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्याचा फोन त्याच्याच खिशात आहे असा माणूस होता. आमची विद्यार्थिनी नव्हती.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 57.1 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांपैकी फक्त 33.3 टक्के. महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या सरासरीपेक्षा थोडाच पुढे, बायकांमध्ये 38 टक्के. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. सुमारे नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के निघाल्या. घरात फोन असणं आणि मुलीकडे फोन असणं यातलं अंतर एवढं आहे. याच मुली अठराव्या वर्षी कॉलेजात येतात. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, म्हणजे अभ्यासाच्या ऐन वेळी, फोन भावाकडे असतो.

आता फोन हातात आला असं धरू. त्यावर अभ्यासाचं काय असतं?

सगळ्यात जास्त असतात फोटो. तास संपता संपता पहिल्या बाकावरचा एक जण उठतो, फळ्याचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. सरांचं डोकं मध्ये आलेलं असतं, ट्यूबलाइटची चमक ‘डेबिट-क्रेडिट’वर पडलेली असते. तो फोटो साठ फोनांत जातो आणि लग्नाच्या, सणाच्या, शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडला जातो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलं बोटांनी पडदा सरकवत सरकवत सप्टेंबरपर्यंत मागे जातात. मी काही जणांना विषयवार फोल्डर करायला, फोटोला तारीख आणि प्रकरणाचं नाव द्यायला शिकवते. काम दहा मिनिटांचं आहे, पण बारावीपर्यंत शिकलेल्या मुलाला हे कुणीच सांगितलेलं नसतं. आपण वहीला कव्हर घालायला, समास आखायला शिकवतो. फोनमधली टिपणं कशी राखायची हे शिकवणं आपल्याला शिक्षण वाटत नाही.

दुसऱ्या असतात पीडीएफ. पीडीएफ ही कागदासाठी बनलेली वस्तू आहे. ए-फोर कागद एकवीस सेंटीमीटर रुंद असतो, फोनचा पडदा सात. म्हणजे बारा पॉइंटांत टाइप केलेलं अक्षर फोनवर चार पॉइंटांचं होतं. ते वाचता येत नाही म्हणून मुलं दोन बोटांनी मोठं करतात. मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग प्रत्येक ओळीला उजवीकडे सरकायचं, पुन्हा डावीकडे यायचं, पुढची ओळ शोधायची. एक पान वाचताना पंचवीस-तीस वेळा ही येरझार होते. एखाद्या विद्यार्थ्याशेजारी बसून हे एकदा बघावं. दुसऱ्या पानावर त्याची नजर सैल पडते आणि तिसऱ्या पानाला तो व्हॉट्सॲपवर असतो. आपण म्हणतो, पोरांचं लक्ष लागत नाही. वाचायला दिलेली गोष्टच वाचण्याजोगी नव्हती, हे आपण बघत नाही.

त्यातही पुष्कळशा पीडीएफ म्हणजे पुस्तकाच्या पानांचे वाकडेतिकडे फोटो असतात. पन्नास-ऐंशी एमबीची फाईल, आत शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करून ओळी पुन्हा जुळवून घेता येत नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी त्यात अक्षरंच नसतात, नुसती चित्रं असतात. तोच मजकूर शिक्षकानं टाइप करून साध्या स्वरूपात दिला, तर शंभर केबीत बसतो आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओळी मोडून घेतो. मराठीत युनिकोड आल्याला वीस वर्षांवर होऊन गेली. तरी आमच्याकडे जुन्या फॉन्टांतल्या नोट्स अजून फिरतात आणि त्या फोनवर उघडल्या की देवनागरीच्या जागी चिन्हांचा सडा पडतो.

मुलं पुस्तकांच्या बेकायदा प्रती फिरवतात, हेही खरं आहे. त्याबद्दल मला प्रकाशकांची बाजू पूर्ण कळते. मराठीत पाठ्यपुस्तकांचा धंदा आधीच नाजूक आहे. पण शिकवण्यासाठी पुस्तकातला आवश्यक भाग देण्याला आपल्या कायद्यात जागा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्यासक्रमासाठी केलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षणविषयक तरतुदीचं संरक्षण असल्याचं सांगितलं. ही वाट ग्रंथालयांनी अजून पुरती वापरलेली नाही.

आणि ज्यात चोरीचा प्रश्नच नाही, असा केवढा तरी खजिना उघडा पडलेला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘एन-लिस्ट’ नावाचा उपक्रम आहे. कॉलेजनं वर्षाला काही हजार रुपये भरले की सहा हजारांहून जास्त संशोधनपत्रिका आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तकं विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉगिननं वाचता येतात, घरी बसूनही. ज्या कॉलेजात हे आहे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं, कारण लॉगिन मागावं लागतं आणि मागायचं असतं हे कुणी सांगत नाही. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 पासून सगळ्या देशाला खुलं आहे आणि त्याचं ॲप आहे. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बी.ए.च्या मुलाला अर्थशास्त्रातली एखादी संज्ञा मराठीतून समजून घ्यायची असेल, तर मी आधी विश्वकोश उघडून देते. मजकूर जुना असेल, पण मराठी स्वच्छ आहे आणि लिहिणारा माणूस त्या विषयातला आहे. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 2017 साली सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथल्या अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा दिली. कागदावर ही फार मोठी मुभा आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य व्याख्यानं इंग्रजीत, आणि त्यांतली बरीच अर्धा-पाऊण तासाची.

मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प मला मनापासून आवडतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, इंटरनेट नसतानाही चालतील असे. बोलणारा सावकाश बोलतो, एका वेळी एकच गोष्ट सांगतो. आपली मुलं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं काम म्हणजे काय, ते यात दिसतं. पण त्याची पद्धत अशी की पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला आपण ते करून बघायचं. म्हणजे संगणक हवाच. फोनवर मुलगा धडा ऐकतो, बघतो, त्याला कळतोही, पण हात चालवायला दुसरी खिडकी नसते. म्हणून मी हे धडे ग्रंथालयातल्या संगणकांवर भरून ठेवले आहेत आणि मुलं पाळीपाळीनं बसतात. फोन कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही, याची ही सीमारेषा नीट ओळखली पाहिजे. ज्या कामाला संगणकच लागतो त्याला कॉलेजनं संगणक दिला पाहिजे. ‘फोन आहे ना तुझ्याकडे’ असं म्हणून ती जबाबदारी झटकता येणार नाही.

आता जिथे फोन खरोखर पुरतो, ते सांगते, कारण माझा सगळा जीव त्यात आहे.

सोलापुरात हजारो घरांत विडी वळली जाते. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची आहे. अशा घरातली मुलगी कॉलेजातून आली की आईच्या जोडीला बसते. पानं भिजवायची, साच्यावर कापायची, आई वळत गेली की दोरा बांधायचा. दोन्ही हात गुंतलेले, नजर सुपात. व्हिडिओ बघणं शक्य नाही, पुस्तक धरणं शक्य नाही. कान तेवढा मोकळा असतो. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं की ती तासाचं रेकॉर्डिंग कानात लावून विड्या बांधते आणि ऐकलेलं रात्री वहीत उतरवते. तिनं विचारलं, ‘मॅडम, सर नुसतं बोलून पाठवतील का? व्हिडिओ नको, नेट संपतंय.’

तिची मागणी अगदी अचूक आहे. दहा मिनिटांचं बोलणं व्हॉट्सॲपच्या ध्वनिमुद्रणात दोन-तीन एमबीत बसतं. तेवढ्याच वेळाचा साधा व्हिडिओ पन्नास-साठ एमबी खातो. रोजच्या दीड जीबीत घरातली चार माणसं भागवणाऱ्यांना हा फरक जाणवतो. एसटीत उभं राहून येणाऱ्या मुलाला, गुरं सांभाळणाऱ्याला, रात्रपाळीला एटीएमवर पहारा देत एम.ए. करणाऱ्याला, सगळ्यांना आवाज चालतो. रेंज गेली तरी उतरवून घेतलेला आवाज चालू राहतो.

जगात हे करून पाहिलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाकडे खेड्यापाड्यांतले हजारो शिक्षक पत्रद्वारा शिकत होते. त्यांच्याकडे ईमेल जवळपास नव्हती, फोन मात्र जवळपास सगळ्यांकडे होते. तेही साधे, बटणांचे. विद्यापीठानं 2002 पासून त्यांना एसएमएस पाठवायला सुरुवात केली: अमुक तारखेला स्वाध्याय, तमुक गावी संपर्क वर्ग, नोंदणीची मुदत. अभ्यासक्रम छापील राहिला, फोननं फक्त माणूस विद्यापीठाशी बांधलेला ठेवला. बांगलादेशात बीबीसीनं 2009 साली ‘जनाला’ सुरू केलं. 3000 हा नंबर फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. मोबाईल कंपन्यांनी त्या नंबराचा दर उतरवला आणि रिक्षावाल्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत लाखो लोकांनी ते धडे ऐकले. दोन्ही ठिकाणी आधी लोकांच्या हातात काय आहे ते बघितलं गेलं आणि मग त्याला बेतून शिक्षण कापलं गेलं. चादरीच्या शहरात राहणाऱ्या मला ही रीत ओळखीची वाटते. माग जेवढा रुंद, पन्हा तेवढाच धरायचा.

एवढं लांब जायचंही कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवला. पान तेच, पुस्तक तेच. फोन समोर धरला की त्या धड्याचा आवाज, कविता, चित्रफीत उघडते. पुढे 2017 पासून महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापून येऊ लागले, मग देशातही ही कल्पना गेली. डिसले गुरुजींना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी सगळ्यांना आठवते. मला त्या कल्पनेतला साधेपणा जास्त मोलाचा वाटतो. कागद वाचायला उत्तम, फोन ऐकवायला आणि दाखवायला उत्तम. दोघांना आपापलं काम दिलं. ते कोड वापरत दहावी झालेली मुलं आता पदवीला बसली आहेत आणि त्यांच्या हातातल्या विद्यापीठीय पुस्तकांत असं काहीच नाही. 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम कॉलेजांत आला, विषयांची नावं बदलली, पुस्तकं मागून येताहेत आणि मुलं मिळेल त्या फॉरवर्डवर अभ्यास करताहेत. जे एका खेड्यातल्या शाळेला साधलं ते एका जिल्ह्याच्या विद्यापीठाला साधू नये, असं मला वाटत नाही.

पालकांची तक्रार मी नाकारत नाही. फोन हातात असला की पोरगं रील बघतं, हे खरंच आहे आणि रात्री एकपर्यंत बघतं. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालानंही शाळांतल्या फोनबद्दल सावध केलं आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्याच्या भल्यासाठीच असावं असं बजावलं. शाळकरी मुलांबाबत मीही बंदीच्या बाजूची आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. त्याचा फोन काढून घेतला तर त्याचं ग्रंथालयच काढून घेतल्यासारखं होतं.

नवी काळजी वेगळीच आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि आता मुलं प्रकल्पासाठी त्याला मराठीत प्रश्न विचारतात. उत्तर झोकात येतं. मग ती संदर्भग्रंथांची यादी घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यातली काही पुस्तकं कधी छापलीच गेलेली नसतात. लेखक खरा, नाव पटण्यासारखं, साल नेमकं, पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही. मी मुलाला शेजारी बसवते आणि आम्ही दोघं मिळून ते पुस्तक शोधतो. ते सापडत नाही, हे त्यानं स्वतः बघितल्यावर पुढच्या वेळी तो आधी शोधून मगच यादी आणतो. पूर्वी ग्रंथपालाचं काम पुस्तक मिळवून देण्याचं होतं. आता पुस्तक खरं आहे का, हे तपासायला शिकवणं हा त्याचाच भाग झाला आहे, आणि त्यासाठी प्रत्येक कॉलेजात एक पूर्णवेळ ग्रंथपाल हवा. अनेक कॉलेजांत ती जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. प्रत्येक प्रकरणाचं सार मराठीतून दहा मिनिटं बोलून फोनवर रेकॉर्ड करा, फाईलला विषयाचं आणि प्रकरणाचं नाव द्या आणि ग्रुपवर टाका. त्याला स्टुडिओ लागत नाही, परवानगी लागत नाही. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून द्या. आणि घरी दिवाळीला नवा फोन येणार असेल, तर जुना चालू फोन विकून हजार-दीड हजार मिळवण्याऐवजी शिकणाऱ्या मुलीला द्या. पालकांना एवढंच सांगते: मुलीचा प्रवेश घ्याल त्याच आठवड्यात तिला घेऊन आधार केंद्रावर जा आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून आणा. शुल्क शंभर रुपयांच्या आत आहे, काम अर्ध्या दिवसाचं आहे. महाडीबीटीच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका.